जतन करा

आमच्या कंपनीत सहा सॉफ्टवेअरं बनतात
आणि सहाही एकमेकांना ओळखत नाहीत.
दवाखान्याच्या नोंदणीत बटण हिरवं, डावीकडे, 'जतन करा'.
वीजबिलाच्या ॲपात निळं, वर, 'सेव्ह'.
कळमन्याच्या अडत्यांसाठी केलेल्यात नुसतं 'ठीक',
आणि शीतगृहाच्या पडद्यावर फ्लॉपीचं चित्र,
जे काढणाऱ्या सोनकुसरेनं
फ्लॉपी कधी हातात धरलेली नाही.

देवतळे सर म्हणाले, एका घरची वाटली पाहिजेत.
डिझाइनचं एकच टूल निवडा. एप्रिलअखेर.

मग तीन टूलं, तीन फुकट महिने,
सतरा रकान्यांचा एक तक्ता.
किंमत दर डोक्यामागे, तीही डॉलरात.
देवनागरीत वेलांटी कापली जाते का
(एकात जायची).
लाइट गेल्यावर केलेलं काम उरतं का.
शबिस्तानं गुण दिले, मी वेगळे दिले,
सोनकुसरेनं बेरीज केली ती तिसरीच आली.
कूलरच्या वाऱ्यानं कागद उडत होते,
त्यांच्यावर आम्ही तर्रीपोह्याच्या प्लेटा ठेवल्या;
दुसऱ्या टूलच्या नावावर तेलाचं वर्तुळ उमटलं
आणि त्या दिवसापासून, का कोण जाणे,
ते जरा मागेच पडलं.

पहिलं जिंकलं. अर्ध्या गुणानं.
त्यात बटण एकदाच काढायचं,
ते सहाही घरी पोचतं.
इथं रंग बदलला की तिथंही बदलतो.
पहिल्यांदा ते होताना पाहिलं
तेव्हा मी उठून उगाच पाणी पिऊन आले.

'जतन करा'. उजवीकडे, खाली, केशरी.
संत्र्याचा नाही, सर. नाही.
थोडा विटेकडे झुकलेला.

मे महिना, पंचेचाळीस अंश,
धंतोलीतल्या दवाखान्याची खिडकी क्रमांक दोन.
वनमाला उईके. समोर रांग,
तोंडाला दुपट्टे बांधलेली, सलाइनच्या वासाची.
आणि मॉनिटरच्या काचेवर, डावीकडे,
एक टिकली.
मरून, मखमली, कडेला धूळ धरलेली.

"हे काय, ताई?"
"बाण टिकलीमागं लपला का दाबाचं.
मी तं पायतच नाही तिकडं.
पेशंटकडं पाहा लागते ना."

टिकलीखाली आता
आमचं नवं, सहाही घरी सारखं, नीट आखलेलं
'रद्द करा' होतं.

सकाळपासून तिघांची नोंद पुसली गेली होती.
त्यात एक बाळ, अजून नाव न ठेवलेलं,
आईच्याच नावानं लिहिलेलं;
ती बाई रांगेच्या शेपटाला
पुन्हा नव्यानं उभी होती.

मी माफी मागायला सुरुवात केली,
वाक्य मध्येच लांबलं,
त्यात 'एकसारखा अनुभव' असंही काहीतरी आलं.
तोवर वनमालाताईंनी नखानं टिकली उचलली,
उजवीकडे नेली, अंगठ्यानं दाबली.
"तुमचं एकदा ठरलं का सांगून देत जा, मॅडम.
मी हलवतो.
काऊन हलवलं, ते नाही इचारत."

जुन्या जागी डिंकाचा एक गोल उरला.
नव्या जागी टिकली नीट चिकटत नव्हती,
तिचा डिंक नऊ वर्षं जुना.

संध्याकाळी ऑफिसात मी तो तक्ता उघडला,
अठरावा रकाना ओढला,
त्याला नाव सुचेना, पुसला.
मग टूल उघडलं. बटणावर बाण नेला.
एक ओढ, की परत डावीकडे,
दवाखान्यात, आणि बिलात,
आणि शीतगृहात, आणि कळमन्याच्या पाट्यांवरही,
जिथल्या काचांवर कोणी काय चिकटवलंय
मला माहीत नाही.

बोट माउसवर तसंच राहिलं.
"सोनकुसरे, अडत्ये बसतात किती वाजता?"
"पहाटे चारला. काऊन?"

शबिस्ता बॅग भरत होती, थांबली.
"गाडी मी काढते," म्हणाली.
"आणि वाटेत कुठं उघडं असलं तर
टिकल्यांचं एक पाकीट घेऊ."